हार्नीच्या पठारावरील पाणी आणि पशुपालन

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तापलेली वाळू, उंट आणि खजुराची झाडे उभी राहतात. आज ज्या वाळवंटाची माहिती करून घ्यावयाची आहे, ते यांपैकी कशातच बसत नाही. तेथे वाळू थोडी आणि बर्फ पुष्कळ. समुद्रसपाटीपासून ते सुमारे ४,१०० फूट उंचीवर आहे, आणि भर उन्हाळ्यातही एखाद्या रात्री तेथे पाणी गोठते. अमेरिकेच्या वायव्येस असलेल्या ओरेगॉन राज्याच्या आग्नेय भागातील हा प्रदेश म्हणजे हार्नी खोरे. भूगोलाची पुस्तके अशा प्रदेशाला ‘उंचावरील वाळवंट’ म्हणतात.

विस्ताराची कल्पना यावी म्हणून एक तुलना उपयोगी पडेल. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. त्याचे क्षेत्र सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. हार्नी जिल्ह्याचे क्षेत्र २६ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. अहिल्यानगरमध्ये २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाख माणसे राहत होती. हार्नीत २०२० च्या गणनेप्रमाणे साडेसात हजार होती. म्हणजे आपल्याकडील एका मोठ्या गावाएवढी वस्ती. गुरांची संख्या मात्र माणसांच्या कितीतरी पट. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून बर्न्स या मुख्य ठिकाणी साधारणतः १० ते ११ इंच पाणी पडते. आपल्या माण तालुक्याला आपण कायमचा दुष्काळी म्हणतो, पण तेथेही याहून अधिक पाऊस होतो.

एवढ्याशा पाण्यावर दीडशे वर्षे पशुपालनाचा व्यवसाय कसा टिकला आणि आज तो कोणत्या अडचणीत आहे, हा या व्याख्यानाचा विषय.

या खोऱ्यातील पाणी ढगांतून थेट शेतावर येत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. ते आधी डोंगरावर बर्फ होऊन साठते. दक्षिणेला स्टीन्स नावाचा पर्वत ९,७०० फुटांहून अधिक उंच उभा आहे. उत्तरेला ब्लू पर्वताच्या रांगा आहेत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत त्यांवर बर्फाचे थर चढत जातात. एप्रिल-मे महिन्यांत ते वितळू लागतात, आणि उत्तरेकडून सिल्व्हिस, दक्षिणेकडून डॉनर उंड ब्लिट्झेन आणि पश्चिमेकडून सिल्व्हर क्रीक या नद्या दुथडी भरून खाली उतरतात. सिल्व्हिस नदीवर मोठे धरण नाही. बर्फ हेच धरण, आणि ऊन हाच त्याचा दरवाजा. वसंतात ऊन अकाली कडक झाले तर सगळे पाणी तीन आठवड्यांत वाहून जाते. थंडी रेंगाळली तर तेच पाणी जूनअखेर पुरते.

हे पाणी समुद्राला मिळत नाही. खोऱ्याला बाहेर वाट नाही. नद्या मॅल्यूर नावाच्या उथळ सरोवरात येतात, ते भरले की पाणी मड सरोवरातून पुढे हार्नी सरोवरात जाते, आणि तेथे त्याची वाफ होऊन मीठ मागे राहते. पाण्याचा हिशेब असा बंद ताळेबंदासारखा आहे. कोणी एकाने अधिक घेतले तर दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर ते कमी पडणार, हे येथे इतर कोणत्याही खोऱ्यापेक्षा उघड दिसते.

या भूमीचे मूळ रहिवासी उत्तर पाय्यूट लोक. सरोवराच्या काठी उगवणाऱ्या वाडा नावाच्या वनस्पतीचे बी ते गोळा करीत, मासे व पाणपक्षी यांवर निर्वाह करीत आणि ऋतूप्रमाणे डोंगर व दरी यांत ये-जा करीत. १८२६ साली हडसन्स बे कंपनीचा पीटर स्कीन ऑग्डेन हा आपली टोळी घेऊन येथे आला, तेव्हा सरोवराभोवती त्याला त्यांच्या वस्त्या आढळल्या. ऑग्डेन आला होता बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांसाठी. प्रतिस्पर्धी अमेरिकन व्यापाऱ्यांना या भागात काही मिळू नये म्हणून नद्यांतील बीव्हर समूळ पकडून टाकावेत, असे कंपनीचे धोरणच होते. बीव्हर हा ओढ्यावर लाकडे व चिखल रचून बांध घालणारा प्राणी. तो गेल्यावर त्याचे बांध फुटले. बांध फुटल्यावर ओढे कसे खोल चिरत गेले, हे पुढे येईलच.

१८७२ साली पाय्यूट लोकांसाठी सुमारे १८ लाख एकरांचा राखीव प्रदेश जाहीर करण्यात आला. सहा वर्षांत बॅनक युद्ध झाले, आणि १८७९ च्या कडाक्याच्या थंडीत या लोकांना शेकडो मैल दूर, वॉशिंग्टन प्रदेशातील याकिमा येथे नेण्यात आले. राखीव प्रदेश पशुपालकांसाठी खुला झाला. पुढे काही कुटुंबे परत आली. बर्न्सजवळ त्यांचा आजचा छोटा राखीव प्रदेश स्थापन होण्यास १९७२ साल उजाडावे लागले. पाण्याच्या हक्कांची कोणतीही चर्चा करताना हा इतिहास वगळून चालत नाही. कारण ‘प्रथम कोण आले’ या प्रश्नाभोवतीच तेथील सगळा कायदा उभा आहे.

त्याच १८७२ साली कॅलिफोर्नियातून पीटर फ्रेंच नावाचा तरुण सुमारे १,२०० गुरे आणि काही मेक्सिकन गुराखी घेऊन ब्लिट्झेनच्या खोऱ्यात उतरला. भांडवल डॉ. ह्यू ग्लेन या गव्हाच्या मोठ्या जमीनदाराचे होते. फ्रेंच हा जाणता माणूस खरा. कोरड्या माळाची मालकी निरुपयोगी आहे आणि नदीकाठची ओल ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात भोवतीचा सारा माळ, हे त्याने लवकर ओळखले. दलदलीची जमीन स्वस्तात विकण्याचा जो कायदा होता, त्याचा त्याने पुरेपूर लाभ घेतला. वाळवंटातील जमीन दलदल म्हणून विकत घ्यावी, हा त्या काळच्या सरकारी दप्तराचा एक नमुनाच म्हटला पाहिजे. परंतु वसंतात तेथे खरोखरच पाणी साचत असे, हेही खरे. चर खणून, बांध घालून त्याने दलदल निचरली आणि उंचवट्यावरील कुरणांना पाणी नेले. पाहता पाहता लाखाहून अधिक एकर त्याच्या कंपनीच्या ताब्यात आले. मागाहून आलेल्या लहान वसाहतकऱ्यांशी त्याचे तंटे सुरू झाले. सरोवराचे पाणी मागे हटले की उघडी पडलेली जमीन कोणाची, हा वादाचा मुख्य मुद्दा. १८९७ च्या डिसेंबरात अशाच एका वसाहतकऱ्याने फ्रेंचला गोळी घातली. पंचांनी त्याला निर्दोष सोडले. सरोवराच्या तळाचा प्रश्न मात्र १९३५ पर्यंत चालला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो तळ संघराज्याच्या मालकीचा ठरविला.

या इतिहासात १८८९-९० चा हिवाळा विसरता येत नाही. तोपर्यंत गुरे वर्षभर मोकळी चरत. वैरण साठवण्याची चाल फारशी नव्हती. त्या वर्षी बर्फ इतका पडला आणि इतके दिवस राहिला की खालचे गवत गुरांना लागेना. पूर्व ओरेगॉन आणि नेवाडा यांत हजारो जनावरे उभ्या जागी मेली. हिवाळा संपल्यावर जे पशुपालक उरले, त्यांनी एक गोष्ट पक्की केली: वैरण कापून ठेवल्याशिवाय गुरे ठेवायची नाहीत. वैरणीसाठी गवत हवे, गवतासाठी पाणी हवे. पाणीवाटपाची आजची रचना त्या हिवाळ्यातून जन्माला आली.

एका साधारण रँचचे, म्हणजे गोपालन केंद्राचे, वर्ष कसे जाते ते पाहू. मार्चमध्ये नदी वाढू लागली की रँचमालक तिच्यावरील लाकडी दारे खाली सोडतो. पाणी पात्रातून पाटात आणि पाटातून सपाट कुरणावर पसरते. आपल्याकडे पाळी देतात तसे हे पाणी वाफ्यावाफ्याने दिले जात नाही. वीतभर उंचीचा पाण्याचा पातळ पडदा आठवडे-आठवडे कुरणावर उभा ठेवतात. त्यात जमिनीतील जुनी देशी गवते आणि लव्हाळे वाढतात. जूनअखेर दारे उचलून कुरण वाळवतात आणि जुलैत कापणी होते. एका गाईला हिवाळा काढण्यासाठी साधारणतः दीड ते दोन टन वैरण लागते. गुरे तेव्हा वरच्या डोंगरी चराईवर असतात. शरद ऋतूत ती खाली येतात, वासरे मांसोत्पादनासाठी दूरच्या बाजारात विकली जातात, आणि गाभण गाई कुरणात परततात. बर्न्स येथील कृषी संशोधन केंद्राने अभ्यासलेली एक स्थानिक पद्धत मोठी सोपी आहे: कापलेले गवत गठ्ठे न बांधता लहान ढिगाऱ्यांत शेतातच सोडायचे आणि गाईंनी हिवाळ्यात ते बर्फातून उकरून खायचे. गठ्ठे बांधण्याचा, वाहून नेण्याचा आणि रोज टाकण्याचा खर्च वाचतो.

शहरातून आलेल्या एखाद्या अभियंत्याला हे पाणी उघड उघड वाया गेलेले दिसते. पिकाला लागते त्याहून कितीतरी अधिक पाणी कुरणावर उभे असते. पण ते जाते कोठे? काही हवेत जाते, हे खरे. उरलेले जमिनीत मुरून उथळ भूजल भरते आणि उन्हाळ्यात हळूहळू नदीत परत येते. याखेरीज वसंतात उत्तरेकडे निघालेले लक्षावधी पक्षी, हिमहंस, सुईशेपटी बदके, क्रौंच, शराटी, याच पाणथळ कुरणांवर उतरून पुढच्या प्रवासाची ताकद भरून घेतात. त्यांच्या आश्रयाची बरीचशी ओल सरकारी अभयारण्यात नसून खाजगी कुरणांवर आहे, हे पक्षितज्ज्ञांनाही मान्य आहे. म्हणून कुरणाऐवजी तुषार सिंचन करा, असा सल्ला देण्यापूर्वी ते ‘वाया’ जाणारे पाणी कोणाकोणाच्या उपयोगी पडते याची चौकशी करणे इष्ट असते.

आता कायद्याकडे वळू. ओरेगॉन राज्याने १९०९ साली जलसंहिता केली. तिचे पहिले तत्त्व असे की राज्यातील सर्व पाणी जनतेचे आहे. दुसरे असे की वापराचा परवाना ज्याचा आधीचा, त्याचा हक्क वरचा. कोरड्या वर्षी पाणी सर्वांना सारखे कमी मिळत नाही. १८८५ चा हक्क असलेल्याचे पाट पूर्ण वाहतात आणि १९०५ च्या हक्कदाराचे दार बंद होते. वॉटरमास्टर नावाचा सरकारी अधिकारी प्रत्यक्ष नदीवर जाऊन ही दारे बंद करतो, आणि शेजाऱ्याशी शेजाऱ्याने भांडण्याची वेळ येऊ देत नाही. आणखी एक नियम आहे. सलग पाच वर्षे पाणी वापरले नाही तर हक्क बुडतो. या नियमामागील हेतू साठेबाजी रोखण्याचा होता. परिणाम असा झाला की गरज नसली तरी हक्क राखण्यासाठी पाणी वापरण्याची वृत्ती बळावली. १९८७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नदीच्या पात्रातच पाणी राखण्याचा हक्क मान्य झाला, आणि शेतकऱ्याला आपला वाटा काही काळ नदीला भाड्याने देता येऊ लागला.

भूजलाचा कायदा १९५५ साली झाला. आपल्याकडे ज्याची जमीन त्याची विहीर, ही समजूत दृढ आहे आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून तिला आधारही मिळत आला. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातला आणि २००९ च्या भूजल अधिनियमाने पुढचे पाऊल टाकले. ओरेगॉनमध्ये मात्र सिंचनासाठी विहीर घ्यावयाची तर १९५५ पासून राज्याचा परवाना लागतो, आणि त्यालाही तारखेप्रमाणे ज्येष्ठता असते. कायदा चांगला होता. तरीही जे घडले ते पुढे पाहू.

त्याआधी माळावरील चराईविषयी थोडे. हार्नीतील सुमारे तीन चतुर्थांश जमीन संघ सरकारची आहे. १९३४ पर्यंत तिच्यावर कोणीही गुरे-मेंढरे सोडावी अशी स्थिती होती, आणि परिणामी कोणीच तिची काळजी घेत नव्हते. टेलर चराई कायद्याने त्या वर्षी चराईचे विभाग पाडले आणि परवाने सुरू केले. परवाना मिळण्यासाठी पशुपालकाची जवळपास स्वतःची जमीन किंवा पाणी असावे लागते. एक गाय व तिचे वासरू यांना एक महिना पुरेल इतकी चराई हे मोजण्याचे एकक. २०२४ साली त्याचा दर १.३५ डॉलर होता. दर फारच कमी आहे अशी टीका कित्येक वर्षे होत आली आहे, आणि तीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

चराईचे खरे नियंत्रण मात्र परवान्याच्या कागदापेक्षा पाण्याच्या जागेने होते. गाय पाण्यापासून फार दूर जात नाही. उन्हाळ्यात तिला रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते, आणि मैल-दीड मैलाच्या पलीकडचे गवत कितीही चांगले असले तरी ते तसेच राहते. उलट पाणवठ्याभोवतालची जमीन तुडवून उघडी पडते. यावर उपाय म्हणून बर्फाचे व पावसाचे पाणी अडवणारी लहान तळी ठिकठिकाणी खणली गेली; झऱ्यांच्या उगमाला कुंपण घालून नळाने खालच्या हौदात पाणी आणले गेले; पवनचक्क्यांच्या जागी हळूहळू सौर पंप आले. मिठाच्या विटा पाण्याजवळ न ठेवता मुद्दाम दूरच्या टेकडीवर ठेवतात. गाय मिठासाठी वर चढते आणि वाटेतले गवत खाते. गस हॉर्मे या चराईतज्ज्ञाने आखलेल्या पद्धतीत कुरणाचे भाग करून प्रत्येक भागाला आळीपाळीने पूर्ण वर्षाची विश्रांती देतात, म्हणजे गवताला बी धरता येते.

ओढ्यांचे काय झाले? बीव्हर गेले, काठची वाळुंजाची झुडपे गुरांनी खाल्ली, आणि पुराचे पाणी अडवणारे काही उरले नाही. पात्रे दहा-पंधरा फूट खोल चिरत गेली. ओढा खोल गेला की दोन्ही काठांची ओलही त्याच्याबरोबर खाली जाते आणि कुरणाच्या जागी सेजब्रशचे करडे झुडूप वाढते. हार्नीच्या पश्चिमेस प्राइनव्हिल गावाजवळ बेअर क्रीक नावाचा असाच एक मोडकळीस आलेला ओढा होता. संघीय भूमी व्यवस्थापन विभागाने १९७६ पासून तीन वर्षे तेथील चराई बंद ठेवली. नंतर ती पुन्हा सुरू केली, पण संबंध उन्हाळाभर नव्हे, तर हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात थोडे दिवस. वाळुंज व लव्हाळे परत आले, गाळ साठून पात्र वर आले, आणि त्याच जमिनीतून पूर्वीच्या कितीतरी पट चराई मिळू लागली. गुरे कायमची हटवावी लागली नाहीत. बदलावा लागला तो महिना. ओरेगॉनमधीलच ब्रिज क्रीक येथे ओढ्यात लाकडी खुंट ठोकून, त्यांत फांद्या गुंफून बीव्हरच्या बांधाची नक्कल करण्यात आली. खुद्द बीव्हरांनी येऊन ती कामे पुढे चालविली. ज्या प्राण्याला दोनशे वर्षांपूर्वी हिशेब करून संपवले, त्याला आता बिनपगारी अभियंता म्हणून निमंत्रण जात आहे.

मॅल्यूर सरोवराला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली पक्ष्यांसाठी राखीव घोषित केले. १९३५ साली फ्रेंचच्या जुन्या रँचची सुमारे ६५ हजार एकर जमीन सरकारने विकत घेऊन अभयारण्याला जोडली, कारण नदीच्या पाण्याचा हक्क त्या जमिनीकडे होता आणि त्यावाचून सरोवर कोरडे पडत होते. १९३४ च्या दुष्काळात ते जवळजवळ आटले होते. याउलट १९८० नंतरच्या ओल्या वर्षांत तिन्ही सरोवरे एक होऊन दीड लाख एकरांहून अधिक जमीन पाण्याखाली गेली, आणि अनेक रँचमालकांची घरे व कुरणे बुडाली. कार्प नावाच्या माशाने वेगळेच संकट आणले. १९२० नंतरच्या दशकात खाद्य म्हणून सोडलेला हा मासा सरोवरात पोहोचला, त्याने तळ ढवळून पाणवनस्पती उपटल्या आणि बदकांचे खाद्य नाहीसे केले. १९५५ पासून कित्येकदा विष टाकून पाहिले. कार्प पुन्हा वाढतच राहिला.

२०१६ च्या जानेवारीत हेच अभयारण्य जगभर वर्तमानपत्रांत झळकले. संघ सरकारच्या जमीनधोरणाचा निषेध म्हणून बाहेरून आलेल्या सशस्त्र लोकांनी ४१ दिवस त्याच्या कार्यालयाचा ताबा घेतला. त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला. स्थानिक पशुपालकांपैकी अनेकांना सरकारविषयी तक्रारी होत्या, तरी बहुतेकांनी या मार्गाला साथ दिली नाही. त्याचे एक कारण असे की त्याआधी कित्येक वर्षे रँचमालक, अभयारण्याचे अधिकारी, पाय्यूट प्रतिनिधी व निसर्गप्रेमी एका टेबलाभोवती बसून अभयारण्याचा पंधरा वर्षांचा आराखडा तयार करीत होते, आणि तो २०१३ साली मंजूरही झाला होता.

आता सर्वांत अवघड भाग. नदीचे पाणी शंभर वर्षांपूर्वीच वाटून संपले होते. उरले होते जमिनीखालचे. कोलोरॅडोच्या फ्रँक झायबॅक याने शोधलेल्या आणि १९५२ साली पेटंट मिळालेल्या फिरत्या तुषार यंत्राने चित्र पालटले. मध्ये विहीर, आणि तिच्याभोवती चाकांवर फिरणारी पाव मैल लांबीची नळी. एका यंत्राखाली सुमारे १२५ एकरांचे हिरवे वर्तुळ. त्यात लसूणघास पिकू लागली. उंच प्रदेशातील थंड रात्रींमुळे तिची प्रत उत्तम, म्हणून दुग्धव्यवसायासाठी राज्याबाहेर आणि परदेशांतही मागणी. १९९० नंतर परवान्यांची संख्या झपाट्याने वाढली. जमिनीखाली किती पाणी दरवर्षी भरते, याचे मोजमाप अपुरे असताना परवाने दिले जात राहिले. घरगुती विहिरी कोरड्या पडू लागल्या, तेव्हा लोकांचे लक्ष गेले. २०१६ साली राज्याने खोऱ्यात नव्या सिंचन विहिरींचे परवाने थांबविले.

त्यानंतर अमेरिकेच्या भूविज्ञान सर्वेक्षण संस्थेने राज्याच्या जलसंपत्ती खात्याबरोबर सविस्तर अभ्यास केला; त्याचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. खोऱ्याच्या सखल भागात जेवढे पाणी जमिनीत भरते, त्याहून वर्षाला सुमारे १ लाख १० हजार एकर-फूट अधिक पाणी बाहेर जाते. आपल्या हिशेबात ते पावणेपाच अब्ज घनफुटांच्या आसपास येते. काही ठिकाणी पातळी १०० फुटांहून अधिक खाली गेली आहे. खोल थरांतील बरेचसे पाणी हजारो वर्षांपूर्वी मुरलेले आहे. ते पुन्हा भरण्यास तेवढाच काळ लागेल.

विहिरींवर यंत्रे बसविणाऱ्यांनी मधल्या काळात सुधारणा केली नाही असे नाही. तुषारांचे तोंड जमिनीजवळ आणून वाऱ्यात उडणारे पाणी वाचविण्यात आले. अशी बचत झाली की मात्र एक मोह होतो: वाचलेल्या पाण्यावर आणखी काही एकर भिजवण्याचा. तसे झाले तर उपसा तेवढाच राहतो, आणि जमिनीत परत मुरणारे थोडे पाणीही थांबते. बचतीबरोबर उपशाची मर्यादा ठरली नाही तर भूजलाच्या पदरात काहीच पडत नाही.

मर्यादा घालावयाची कोणावर? कायद्याची तारीख पाहिली तर सर्वांत नवे परवाने आधी बंद व्हावयास हवेत. पण नवे परवानेदार म्हणजे पुष्कळदा जुन्याच कुटुंबांतील तरुण मुले. सरकारने रीतसर परवाना दिला म्हणून त्यांनी कर्ज काढून विहिरी घेतल्या. उलट ज्यांच्या घरातील विहीर कोरडी पडली त्या वृद्धाचा दोष काय? एका भागात पातळी वेगाने खाली जात आहे, तर वीस मैलांवर ती जवळजवळ स्थिर आहे. तेथील शेतकरी विचारतो की दुसऱ्याच्या उपशाची शिक्षा मला का? २०१६ पासून हार्नीत जलनियोजनासाठी स्थानिक लोकांचा गट बसतो. त्यात रँचमालक आहेत, लसूणघास पिकविणारे आहेत, पाय्यूट लोकांचे प्रतिनिधी आहेत, पक्ष्यांची काळजी वाहणारे आहेत. आकड्यांवर एकमत होण्यातच त्यांची पहिली वर्षे गेली. पुष्कळ विहिरींवर मोजमापाची यंत्रे नव्हती; अखेर उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांनी वापरलेल्या पाण्याचा अंदाज बांधावा लागला.

घरगुती विहिरी पुन्हा खोल करण्यासाठी राज्याने साहाय्य सुरू केले आहे, आणि सिंचनाचा हक्क स्वखुशीने सोडणाऱ्याला मोबदला देण्याची योजनाही आहे. तिच्यात एक अडचण प्रत्यक्ष काम करताना लक्षात येते. पाणी तोडले की हिरव्या वर्तुळाच्या जागी देशी माळ आपोआप परत येत नाही. उघडी माती वाऱ्याने उडते आणि तिच्यावर चीटग्रास हे परदेशी गवत माजते. ते उन्हाळ्यात वाळून वणव्याला आमंत्रण देते. म्हणून यंत्र बंद करण्याआधी त्या जमिनीत कोरडवाहू बारमाही गवताचे बी पेरावे लागते, आणि ते मूळ धरीपर्यंत त्याच विहिरीचे पाणी थोडे दिवस द्यावे लागते. गवत उभे राहिले की जमीन चराईला येते. तोवर तिच्यावर गुरे सोडत नाहीत.